राग दिरावर, मार लेकीला

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. सासरे वारल्यावर थोरल्या दिरांनी ‘वारसा नोंदीचा कागद’ म्हणून काहीतरी पुढं केलं आणि यांच्या नवऱ्यानं सही केली. कागद कन्नडमध्ये. नवरा मराठी शाळेत शिकलेला, कन्नड बोलतो, पण वाचता येत नाही. वर्षभरानं उतारा काढला, तर भातशेतीवर एकट्या दिरांचं नाव. हे दीर चर्चच्या मंडळीच्या कमिटीवर आहेत, उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ वाचतात. नवरा म्हणतो, जाऊ दे, देव बघून घेईल.

ताई पुढं लिहितात: “गेल्या रविवारी लेक संडेस्कूलहून आली ती नवी कंपासपेटी घेऊन. ‘मोठ्या पप्पांनी दिली’ म्हणाली, म्हणजे याच दिरांनी. मी ती हिसकावून अंगणात भिरकावली आणि तिच्या थोबाडीत दिली. नववीतली पोर, रडलीसुद्धा नाही. खाली बसून पेन्सिली गोळा करत राहिली. महिला समाजातल्या बहिणी म्हणतात, ख्रिस्ती बाईनं राग धरू नये, सैतानाला वाव मिळतो. चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढं जाणं मी बंद केलंय. माझा राग पाप आहे का?”

ताई, सलाम.

दिरांवरचा राग पाप नाही. फसवणूक झाली आणि माणसाला काहीच वाटलं नाही, तर त्याला मी पवित्रपणा म्हणणार नाही. बहिणींनी तुम्हाला बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं सत्ताविसावं वचन ऐकवलं, पण त्याच्या आधीचं सव्विसावं गाळलं. तिथं पत्र लिहिणारा प्रेषित पौल राग येणार हे धरूनच चालतो. रागवा, पण पाप करू नका, असं तो सांगतो. आणि सूर्य मावळायच्या आत राग आवरा म्हणजे अंधार पडायच्या आत सगळं पोटात घाला, असं नाही. पुढच्याच ओळी वाचा. चोरी करणाऱ्यानं पुन्हा चोरी करू नये, हेही त्याच अध्यायात आहे. ते वचन तुमच्या मंडळीत कुणी कुणाला ऐकवलं का?

येशू रागावला म्हटलं की सगळ्यांना मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हाकलणारा चाबूक आठवतो, विशेषतः घरात हात उगारणाऱ्यांना. मला मार्कचा तिसरा अध्याय जास्त उपयोगी वाटतो. शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी सभास्थानात हात वाळलेला एक माणूस उभा आहे, आणि येशूला दोषात पकडायला लोक टपून बसलेत. येशू त्यांच्याकडे रागानं बघतो. त्यांच्या मनाच्या कठीणपणानं तो खिन्नही होतो. मग त्या माणसाला म्हणतो, हात पुढं कर. हात बरा होतो. भोवतालच्यांवरचा राग त्यानं त्या बिचाऱ्यावर काढला नाही.

तुमच्याकडे नेमकं उलटं झालंय. तुमच्या पत्रातले बाकीचे दोन प्रसंग पुन्हा वाचून बघा. भांडी आपटलीत ती रविवारी दुपारी. धाकट्याच्या पाठीत धपाटा बसला तोही रविवारीच. दीर वर उभे राहून वचन वाचतात, तुम्ही खाली बाकावर गप्प बसता, आणि घरी येऊन चुलीपुढं उभ्या राहता तेव्हा जे समोर येईल त्याच्यावर ते निघतं. निदान या रविवारांना दुपारचा स्वयंपाक सकाळीच उरकून ठेवा, आणि चर्चमधून थेट घरात न शिरता नवऱ्याबरोबर शेताच्या बांधापर्यंत जाऊन या. त्यांच्यावरही तुमचा राग आहे. पत्रात एकच ओळ आहे त्याची, पण ती पुरेशी बोलते. तो तिथं बांधावर बोला, पोरांसमोर नको.

आता प्रभुभोजन. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर. तुम्ही हे वचन दिरांना डोळ्यांपुढं ठेवून वाचलंत आणि मागं बसलात. पण तिथं ज्याच्या हातून चूक झाली त्यानं उठून जायचं आहे. शेताच्या बाबतीत उठायचं दिरांनी. तुमच्याविरुद्ध ज्याच्या मनात काही आहे असं माणूस तुमच्या घरातच आहे, आणि ते नववीत शिकतं.

तिच्याकडे आज जा. “माझं चुकलं, मी मारायला नको होतं,” एवढंच म्हणा. त्याला ‘पण तुझे मोठे पप्पा’ असं शेपूट जोडू नका. कंपासपेटी तिची आहे, तुटली असेल तर नवी आणून द्या. आईबापांनी चिडवलं की मुलं खचतात, असं कलस्सैकरांस पत्रात आहे. न रडता पेन्सिली वेचणारी पोर मला त्यातलीच वाटते. येत्या प्रभुभोजनाला मात्र पुढं जा.

दिरांचं काय करायचं, ते मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रमानं दिलंय. आधी एकांतात जाऊन अपराध दाखवायचा. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर न्यायचं. तरी नाही, तर मंडळीला सांगायचं. तेव्हा पाळकसाहेबांपर्यंत गोष्ट नेणं ही चुगली नव्हे. क्षमा करा, जरूर करा, पण क्षमा म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे. कुणीतरी करिंथकरांस पत्र काढून भावानं भावाला कोर्टात खेचू नये असं सांगेलच. खरं आहे, पौलाला ते लाजिरवाणं वाटतं. पण भावाला लुबाडणाऱ्यालाही तो तिथंच झोडतो, तेवढंही वाचायला सांगा.

आणि जाण्याआधी कागद वाचून घ्या ओ! सीमाप्रश्नावर आपण इथं १९५६ पासून बोलतोय, आणि सही करताना कागद काय म्हणतो ते विचारत नाही. तालुका कचेरीतून नोंदीची नक्कल काढा आणि दोन्ही भाषा येणाऱ्या वकिलाकडून ओळ न् ओळ समजून घ्या. नुसतं उताऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी ठरली असं नसतं. नवऱ्यानं नेमकी कशावर सही केली, त्यावर पुढचं सगळं आहे.

एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. सासऱ्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर आपल्याला ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. त्याप्रमाणे एक तृतीयांश सासूबाईंचा आणि उरलेलं सगळ्या मुलांना सारखं, लेकींनाही. तुमच्या पत्रात नणंदेचा उल्लेख एकदाच येतो, नाताळात ती माहेरी आली तेव्हाचा. वाट्याचा हिशेब मांडताना तुम्ही तिला धरलेलंच नाही. दिरांकडे जाल तेव्हा फक्त आपला वाटा मागायला जाऊ नका. आधी तिला फोन करा.