वाचकांचे प्रश्न: नळाला येणारं जड पाणी

प्रश्न: उन्हाळ्यात आमच्या अपार्टमेंटमध्ये बोअरचं पाणी टाकीत सोडतात. टीडीएस मीटरवर 780 येतो. साबणाला फेस येत नाही, स्टीलच्या बादलीवर पांढरे डाग पडतात. पाणी किती जड आहे? – एक वाचक, लातूर

उत्तर: टीडीएस मीटरवरून ते कळणार नाही. त्याच्या आकड्यात पाण्यात विरघळलेलं सगळंच येतं, साधं मीठसुद्धा. जडपणा येतो तो मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. 780 टीडीएसच्या एका पाण्याचा जडपणा लिटरला 500 मिलिग्रॅम निघेल, दुसऱ्याचा 200. तुमच्याकडचा काळा पाषाण कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या खनिजांचा आहे. त्याच्या फटींत मुरून राहिलेलं पाणी ही खनिजं विरघळवत येतं, म्हणून धरणाच्या पाण्यापेक्षा बोअरचं पाणी बहुधा जड असतं.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत किंवा खासगी लॅबमध्ये ‘टोटल हार्डनेस’ (एकूण जडपणा) आणि ‘अल्कलिनिटी’ (आम्ल शमवणाऱ्या, मुख्यतः बायकार्बोनेट क्षारांचं प्रमाण) या दोन तपासण्या सांगा. नळ पाच मिनिटं वाहू द्या, एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा आणि काठोकाठ भरून झाकण लावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) हार्डनेस लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलं आहे. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतो. अल्कलिनिटीचा आकडा महत्त्वाचा, कारण साधारण तेवढाच जडपणा पाणी उकळल्यावर खाली बसू शकतो. उरलेला उकळून जात नाही. तुरटीने गढूळपणा बसतो, जडपणा नाही.

प्रश्न: तूरडाळ पाच-सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणेदार राहते. डाळ बदलून पाहिली. – एक वाचक, बार्शी

उत्तर: डाळीच्या दाण्यातल्या पेशी पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थाने एकमेकींना चिकटलेल्या असतात. पाण्यातलं कॅल्शियम त्या पेक्टिनला घट्ट करतं, म्हणून दाणा फुलतो पण फुटत नाही. पाणी दहा मिनिटं खळखळ उकळा, गार होऊ द्या, वर आलेली पांढरी साय काढा आणि तळाचा गाळ न ढवळता वरचं पाणी ओतून घ्या. याच पाण्यात डाळ अर्धा तास भिजवा आणि शिजवा. तरीही शिजत नसेल तर आरओचं पाणी वापरून पाहा. त्यातही डाळ दाणेदारच राहिली, तर दोष जुन्या डाळीचा. वाटीभर डाळीला चिमूटभर खायचा सोडा चालतो, पण जास्त घातला तर चव साबणासारखी लागते आणि ब१ जीवनसत्त्वही जातं. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घाला; आंबटामुळेही दाणा कडक राहतो.

प्रश्न: गिझर तापताना कटकट वाजतो, पाणी उशिरा तापतं. कॉइल दोन वर्षांत दोनदा जळाली. – एक वाचक, लातूर

उत्तर: कॉइलवर खडूचा थर बसला आहे. 400 जडपणाच्या हजार लिटर पाण्यात जवळपास 400 ग्रॅम खडू होईल इतका माल असतो. तो सगळा बसत नाही, पण पाणी जितकं जास्त तापेल तितका जास्त बसतो. थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते, तोच हा आवाज. थरामुळे उष्णता बाहेर पडत नाही आणि कॉइल आतल्या आत जळते. नवी बसवून थर्मोस्टॅट तसाच 75 अंशांवर ठेवला तर तिसरीही जळेल. 55 ते 60 वर आणा.

साफ करताना गिझरचा एमसीबी (विजेच्या बोर्डावरचा स्विच) पाडा, आतलं पाणी गार होऊ द्या, येणारा नळ बंद करा आणि टाकी रिकामी करा. गिझरच्या वायरी काढण्याची सवय नसेल तर इथून पुढचं काम मेकॅनिककडूनच करून घ्या. फ्लँज (कॉइल जिच्यावर बसवलेली असते ती चकती) उघडला की कॉइल बाहेर येते. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळणारं सायट्रिक ॲसिड लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम विरघळवून त्यात ती दोन-तीन तास बुडवून ठेवा. वायरी जोडायची टोकं भिजू देऊ नका. बुडबुडे थांबले पण थर उरला, तर द्रावण बदला. कडकडीत पाणी घेऊ नका, कारण कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळतं आणि कॉइलवर नवाच पांढरा थर धरतो. सुरीने खरवडू नका. संडासाचं ॲसिड तर अजिबात नको: ते तांबं आणि टाकीचं आतलं अस्तर खातं, आणि ब्लीचिंग पावडरशी मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. तळाच्या गाठी हाताने काढा, टाकीला गंजण्यापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा दांडा झिजला असेल तर बदला आणि रबरी गॅस्केट नवंच टाका. जुनं हमखास गळतं.

यात एक गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते. सेफ्टी व्हॉल्व्हही खडूने चोंदतो. त्याची लिव्हर असेल तर दर तीन महिन्यांनी उचलून पाणी येतंय का बघा. नाही आलं तर तो बदलेपर्यंत गिझर लावू नका. वाढलेल्या दाबाला बाहेर पडायची दुसरी वाट नसते.

प्रश्न: टाकीच्या पाइपला चुंबक लावावं की सॉफ्टनर घ्यावा? या पाण्याने मुतखडा होतो का? – एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर: चुंबकाने पाण्यातलं कॅल्शियम कमी होत नाही. विक्रेत्याला आधीचा आणि नंतरचा हार्डनेस तुमच्यासमोर मोजून दाखवायला सांगा. सॉफ्टनर म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र; त्यातलं रेझिन (प्लॅस्टिकसारखे बारीक मणी) कॅल्शियम धरून सोडियम सोडतं. 25 लिटर रेझिनमधून 400 जडपणाचं साधारण अडीच-तीन हजार लिटर पाणी निघतं. मग तीन-चार किलो स्वच्छ, आयोडीन नसलेल्या मिठाने ते धुवावं लागतं. मातकट खडेमीठ वापरलं तर रेझिन लवकर बिघडतं. धुतलेलं खारट पाणी झाडांना घालू नका.

सॉफ्टनरमधून आलेलं पाणी न्हाणीघर आणि वॉशिंग मशीनपुरतंच वापरा. दर 100 जडपणामागे लिटरला 46 मिलिग्रॅम सोडियम वाढतं, म्हणजे 400 ला 184. घरात रक्तदाबाचा रुग्ण असेल तर स्वयंपाकघराचा पाइप सॉफ्टनरच्या आधीच वेगळा काढा. मुतखड्याचं बोट नुसत्या जड पाण्याकडे दाखवता येत नाही. त्यापेक्षा पाणी कमी पिण्याचा दोष मोठा आहे. खडा एकदा झाला असेल तर काय प्यावं, किती प्यावं हे डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: सॉफ्टनर परवडत नाही. पांढरे कपडे करडे पडतात. – एक वाचक, उदगीर

उत्तर: साबण कॅल्शियमशी मिळून चिकट साका होतो आणि तो कापडात अडकतो. 400 जडपणाच्या 20 लिटर पाण्यात आधी नऊ-दहा ग्रॅम धुण्याच्या सोड्याची पूड ढवळा, पंधरा मिनिटांनी डिटर्जंट पावडर टाका. साबणाच्या वडीऐवजी ही पावडरच घ्या, तिचा असा साका होत नाही. लोकर आणि रेशीम सोड्यात घालू नका.