कामगार कायद्याचा प्रकल्प: आधी तारीख बघ, मग कलम

सांगलीत राहून कामगार कायद्यावर प्रकल्प करायचा, तर साखर कारखान्याचा हंगामी कामगार हाच विषय घे. गळीत हंगाम संपला, काम थांबलं. ही कायद्यातली कामगारकपात, म्हणजे मालकाने कामावरून कमी करणं, होते का? एवढा एक प्रश्न भरपूर झाला. 'कंत्राटी कामगारांच्या समस्या' असला अघळपघळ विषय घेतलास तर हाती काही लागणार नाही.

आधी काम कधी थांबलं ती तारीख बघ. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्याआधीच्या कपातीला १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा लागतो. बहुतेक निकाल जुन्या कलमांवरचे आहेत, म्हणून दोन्ही मजकूर शेजारी ठेवून शब्द न् शब्द ताडून बघ.

जुन्या कायद्याच्या कलम २५-एफमध्ये कपातीसाठी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण झालेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार आहे. त्याआधी कलम २५-बीप्रमाणे वर्षभराची सलग नोकरी धरायला लागणारे २४० दिवस भरतात का ते मोज. इथेच मुलं चुकतात: फक्त हजेरीचे दिवस धरतात, पगारी सुट्ट्या सोडून देतात.

मोरिंडा साखर कारखान्याचा १९९५ चा निकाल मुळातून वाच. हंगाम संपल्याने थांबलेलं काम ही कपात नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं, हे सगळे उतरवून घेतात. पण शेवटी कामगारांची नोंदवही ठेवायचा आणि पुढच्या हंगामात ज्येष्ठतेनुसार बोलवायचा आदेशही आहे. कामगाराच्या दृष्टीने खरा जीव त्यातच आहे.

महाराष्ट्राचा १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदाही तपास. त्यात तक्रारीला ९० दिवसांची मुदत आहे.