किडनी निकामी असलेल्या रुग्णाला एमआरआयच्या कॉन्ट्रास्टमुळे त्वचेचा आजार होतो का?

हो, होऊ शकतो, पण योग्य कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये अवयव स्पष्ट दिसावेत म्हणून शिरेतून देतात ते औषध) निवडला तर शक्यता फारच कमी असते. या आजाराचं नाव नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस. हातापायांची कातडी जाड आणि ताठ होते, सांधे आखडतात, कधी आतल्या अवयवांनाही झळ पोचते. पहिले रुग्ण १९९७ मध्ये आढळले, पण एमआरआयच्या कॉन्ट्रास्टमधल्या गॅडोलिनियम या धातूशी असलेला संबंध २००६ मध्ये उघड झाला. निरोगी किडनी हे कॉन्ट्रास्टचं औषध लघवीवाटे लवकर बाहेर टाकते. ईजीएफआर (किडनी किती काम करते याचा रक्ततपासणीतून काढलेला आकडा) ३० च्या खाली असेल तर ते शरीरात रेंगाळतं, आणि गॅडोडायमाइडसारख्या सैल बांधणीच्या औषधांतून धातू सुटून ऊतींमध्ये साचतो. म्हणून अशा रुग्णांना ती देऊ नयेत. गॅडोटेरेट किंवा गॅडोब्युट्रॉल या औषधांमध्ये मात्र धातू रेणूच्या कड्यात घट्ट धरलेला असतो, म्हणून तो सहजी सुटत नाही. तेव्हा स्कॅनआधी औषधाचं नाव जरूर विचारा, पण भीतीपोटी गरजेचा एमआरआय टाळू नका. डायलिसिस चालू असेल तर स्कॅननंतर लवकरात लवकर सेशन मिळेल अशी वेळ ठरवून घ्या. अर्थात, नुसत्या डायलिसिसने हा आजार टळतो असं सिद्ध झालेलं नाही. सीटी स्कॅनचा आयोडीनवाला कॉन्ट्रास्ट वेगळा, त्याने हा आजार होत नाही.