तो गेममध्येही एकटाच फिरतो

"मॅडम, पुण्यात एकटा राहतो, तेवढं चालवून घेतलं. पण हा गेममध्येही एकटाच फिरतो हो!"

मी समुपदेशक. समोरच्या आईंचा चेहरा रडवेला होता, म्हणून मी हसू आवरलं. आदल्याच आठवड्यात त्याच खुर्चीत एक वडील बसून गेले होते आणि त्यांची तक्रार बरोबर उलटी होती. त्यांची मुलगी म्हणे कॉम्प्युटरमधल्या खोट्या माणसांना बरोबर घेऊन हिंडते, त्यातलं एक पात्र मेलं तेव्हा जेवली नाही. एकाच्या पोराला सोबती नाहीत म्हणून घोर, दुसऱ्याच्या पोरीला आहेत म्हणून.

एकट्याने खेळणं हे एकलकोंडेपणाचं लक्षण आहे का, असं मला हल्ली बरेच पालक विचारतात. त्याचं उत्तर म्हणून ही एक केस सांगते. ज्याची आहे त्याला विचारून लिहिते आहे. त्याला ओंकार म्हणू या. ओळख पटेल असं बाकी सगळं बदललं आहे.

ओंकार २६ वर्षांचा, आयटीत, बहुतेक दिवस घरूनच काम. आईवडील कराडला. दिवाळीनंतर मावसभाऊ चार दिवस त्याच्याकडे राहून गेला आणि घरी जाऊन म्हणाला, "मावशी, त्या गेममध्ये अजून तिघांना बरोबर घेता येतं. दादा सगळ्यांना कॅम्पवर बसवतो आणि एकटाच जातो." एवढ्यावर आईंनी एसटी पकडली.

मी त्यांना सांगितलं, मुलगा सज्ञान आहे, त्याला स्वतःला वाटलं तर येऊ दे. येईल असं मला वाटलं नव्हतं. पंधरा दिवसांनी आला. "आईला झोप लागावी म्हणून आलोय," हे त्याचं पहिलं वाक्य.

आधी नेहमीचे प्रश्न विचारले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, म्हणजे २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११मध्ये, गेमिंगचा विकार नोंदलेला आहे. त्यात तीन गोष्टी बघतात : खेळण्यावरचा ताबा सुटलाय का, बाकी सगळ्याच्या आधी गेम येतो का, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच आहे का. हे साधारण वर्षभर टिकलेलं असावं लागतं. गेममध्ये बरोबर किती जण होते, हा प्रश्न त्यात कुठेही नाही. ओंकार रात्री साडेअकराला लॅपटॉप मिटत होता, काम वेळेवर देत होता, आठवड्यातून तीनदा पर्वती चढत होता. विकार वगैरे काही नव्हतं.

तिथेच फाईल मिटवता आली असती. पण "मित्र?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "होते." मग आम्ही पुन्हा गेमवर आलो, कारण त्यावर तो मोकळा बोलत होता.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. माझ्या भाच्याने एका रविवारी माझी शिकवणी घेतली. गेम बाल्डर्स गेट ३, बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा, २०२३ चा. तुम्ही आणि तीन सोबती अशी चौघांची टोळी, बाकीचे कॅम्पवर शेकोटीपाशी. लढाईत सोबत्यांना आपणच हलवायचं, पण मतं त्यांची स्वतःची. विल नावाचा एक जण अडलेल्यांच्या मदतीला धावणारा. अ‍ॅस्टेरियन रक्तपिपासू, फुकटात कुणाचं भलं केलेलं त्याला खपत नाही. तुम्ही काही ठरवलंत की स्क्रीनच्या कोपऱ्यात ओळ उमटते : अमुक सोबत्याला हे पसंत पडलं, तमुक सोबत्याला नापसंत. गाव जाळणाऱ्यांच्या बाजूने गेलात तर विलसारखे सोबती सरळ सोडून जातात. अगदी आपल्या भावकीसारखं, भाच्याला मी म्हटलं.

ओंकारला विचारलं, "एकटा का जातोस?" उत्तर तयार होतं. मूळचा बाल्डर्स गेट १९९८ चा. तो त्याने कॉलेजात असताना मोबाईलवर खेळला होता. त्यात सहा जणांची टोळी, आणि लढाईतून मिळणारे अनुभवाचे गुण सगळ्यांत वाटले जायचे. एकटं राहिलं की सगळे गुण आपले, आपलं पात्र भराभर वरच्या पातळीवर जातं. "साधा हिशोब आहे, मॅडम."

हिशोब खरा होता, पण जुन्या गेमचा. माझी शिकवणी नुकतीच झाली होती, म्हणून म्हटलं, "तिसऱ्या भागात तर कॅम्पवर बसलेल्यांनाही गुण मिळतात ना? एकट्याने जाऊन तुझं जास्त काय होतं?"

तो बघतच राहिला. समुपदेशकाने इतकी तयारी करून येणं त्याला जरा अन्यायाचं वाटलं असावं. बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत होता. मग म्हणाला, "ती कोपऱ्यातली ओळ. नापसंतची. ती मला बघवत नाही."

सुरुवातीला तो तिघांना घेऊनच खेळला होता. कुणाला मदत केली की विल खूश, अ‍ॅस्टेरियन नाराज. मदत नाकारली की उलटं. नापसंतीची ओळ दिसली रे दिसली की तो एफ ८ दाबायचा. त्या बटणाने आधी जतन केलेल्या जागी परत जाता येतं. एकच संभाषण त्याने एकदा ११ वेळा खेळलं होतं, चौघंही खूश राहतील असं उत्तर शोधत. ते नव्हतंच. लिहिणाऱ्यांनी ते ठेवलेलंच नाही, गेमची मजाच त्यात आहे. शेवटी त्याने सगळ्यांना कॅम्पवर बसवलं. जे बरोबर नाहीत ते नाराज तरी कशाला होतील!

तेव्हा कुठे मित्रांचा विषय निघाला. दोन वर्षांपूर्वी दापोलीची सहल त्याने ठरवली होती. खोल्या फोटोत दिसल्या तशा निघाल्या नाहीत, पाणी गेलं, आणि पुढे कित्येक महिने ग्रुपवर "ओंकार ट्रॅव्हल्स" म्हणून टिंगल चालली. बाकीचे विसरले. हा ग्रुपमधून बाहेर पडला तो पडलाच. ऑफिसातही तेच : मेसेज लिहायचा, पुसायचा, पुन्हा लिहायचा. तिथे एफ ८ नाही, म्हणून पाठवायचाच नाही.

इथे थोडं थांबून सांगते, एकट्याने खेळणारा प्रत्येक जण असा नसतो. माझ्याकडे येणारी एक नर्स स्कायरिम खेळते, २०११ चा गेम. त्यात लिडिया नावाची इमानी अंगरक्षक मिळते, तुमचं ओझंही वाहते. या बाई तिला घरी ठेवून बर्फातल्या डोंगरांत एकट्या हिंडतात. "दिवसभर वॉर्डात सिस्टर, सिस्टर ऐकते. रात्री मागे कुणाची पावलं नकोत," असं त्या म्हणतात. ही निव्वळ विश्रांती आहे, तिच्यात खोदायला जाऊ नये. पात्र मेलं म्हणून न जेवलेली ती मुलगी? कादंबरीतलं माणूस गेल्यावर आपणही उशी भिजवलेली असते. तिच्या वडिलांना मी एवढंच सुचवलं की ते पात्र कसं होतं हे तिला विचारा. त्यांनी अजून विचारलं नसावं असा माझा अंदाज आहे.

ओंकारबरोबर आम्ही एक प्रयोग ठरवला. विचार-वर्तन उपचारात अशा प्रयोगांचा खूप उपयोग होतो : मनातली भीती आधी कागदावर लिहायची आणि मग प्रत्यक्षात काय घडतं ते बघायचं. त्याने लिहिलं, "एक जण नाराज झाला की नातं संपतं." खात्री किती? शंभरात ८५. प्रयोग असा : विल आणि अ‍ॅस्टेरियन दोघांनाही एकदमच बरोबर घ्यायचं, दोन तास खेळायचं, एफ ८ ला हात लावायचा नाही.

पुढच्या वेळी वहीत नोंदी घेऊन आला. अ‍ॅस्टेरियन तीनदा नाराज झाला. तिन्ही वेळा रात्री कॅम्पवर बोलायला गेल्यावर नेहमीसारखाच तिरकस बोलला, कुठे निघून गेला नाही. खात्री ६० वर आली. मी त्याला बजावलं, हा आकड्यांचा खेळ आहे, माणसं असल्या हिशोबाने चालत नाहीत, काही जण खरोखरच सोडून जातात. यावर तो म्हणाला, "सोडून तर मीच गेलो ना, दापोलीनंतर." हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं.

गेममधला सराव बाहेर आपोआप उतरत नाही. पुढचे दोन महिने कंटाळवाणे गेले, त्यांचं सांगण्यासारखं काही नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये एकदा "मला हे पटत नाही" म्हणणं, जुन्या ग्रुपमधल्या फक्त एकाला फोन करणं, अशा बारक्या पायऱ्या होत्या. फोन त्याने तीन आठवडे टाळला. शेवटी केला तेव्हा तो मित्र गाडी चालवत होता, "नंतर करतो" म्हणाला आणि चार दिवस फोन आला नाही. ते चार दिवस ओंकारने कसेबसे काढले. पाचव्या दिवशी आला.

मग एका सकाळी त्याच्या आईंचा फोन. आवाज चढलेला. "मॅडम, रविवारी मुलगी बघायला जायचं ठरलं होतं. लोकांना शब्द दिला होता. आणि हा मला सरळ म्हणतो, 'आई, मला आत्ता लग्न करायचं नाही, मला न विचारता ठरवू नकोस.' याआधी कधी उलटून बोलला नव्हता. तुम्ही त्याला शिकवताय तरी काय?"

मी म्हटलं, "ताई, तुम्ही त्याच्यावर रागावलात का?"

"रागावणार नाही तर काय! दोन दिवस फोन उचलला नाही त्याचा."

"आणि आता?"

थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग म्हणाल्या, "आता काय... शेंगदाण्याची चटणी संपली असेल त्याची. मावसभाऊ उद्या पुण्याला निघालाय, त्याच्याबरोबर डबा देतेय."