घाट उतरताना इंजिन खरंच वीज परत देतं का?

प्रश्न : कोकण रेल्वेचं विद्युतीकरण झाल्यापासून मालगाड्यांना ‘डब्ल्यूएजी-९’ लिहिलेली इंजिनं दिसतात. जुन्या इलेक्ट्रिक इंजिनांपेक्षा ती वेगळी कशात? उतारावर ती वीज परत देतात, असं माझा मुलगा म्हणतो. गोवा–कर्नाटक सीमेवरच्या कुळे–कॅसलरॉकसारख्या घाटात असं इंजिन किती वीज वाचवील? – एक वाचक, थिवी

उत्तर : मुलगा बरोबर सांगतोय. नावातला डब्ल्यू ब्रॉडगेजचा, ए एसी विजेचा, जी गुड्सचा. लोक अश्वशक्ती विचारतात, पण खरा बदल मोटरमध्ये झाला. चित्तरंजनच्या रेल्वे इंजिन कारखान्याची डब्ल्यूएजी-५ आणि ५००० अश्वशक्तीची डब्ल्यूएजी-७ या दोन्हींत डीसी मोटर, म्हणजे फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे कार्बन ब्रश आले, त्यांची झीज आली. १९९६ला एबीबी या परदेशी कंपनीकडून आलेल्या डब्ल्यूएजी-९मध्ये थ्री-फेज एसी मोटर आली. शक्ती सहा हजारांवर गेली आणि ब्रश गेले. चित्तरंजनला ही इंजिनं १९९८पासून बनू लागली.

मी कर्जत–लोणावळ्याच्या बोरघाटात डीसी बँकर इंजिनांवर (चढावर गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं) नोकरी केली, आता फोंड्याला राहतो. पावसात रूळ ओले असले की आमचा जीव टांगणीला. चाक एकदा घसरलं की डीसी मोटर भिंगरीसारखी सुटते. मग पॉवर कमी करा, वाळू सोडा, पुन्हा हळूहळू ओढा. थ्री-फेज मोटरचा वेग जरा वाढला की तिची ओढ आपोआप उतरते, त्यामुळे चाक पुन्हा रूळ धरतं. कोकणातल्या पावसात मला हा गुण अश्वशक्तीपेक्षा मोलाचा वाटतो. बिहारमधल्या मधेपुरा कारखान्याच्या १२००० अश्वशक्तीच्या डब्ल्यूएजी-१२लासुद्धा आठ आसांवर १८० टन वजन द्यावं लागलं, कारण चाकाखाली पकड नसेल तर ताकद जागच्या जागी फिरत राहते.

आता विजेचं. उतारावर हीच मोटर जनित्र होते. गाडीचा वेग आवरला जातो आणि तयार झालेली वीज वरच्या २५ हजार व्होल्टच्या तारेत जाते. जवळ दुसरी गाडी चढत असेल तर ती वापरते. कल्पना नवी नाही. १९२८च्या सुमाराला आलेली आणि पुढे आमच्या घाटात धावलेली स्विस बनावटीची ‘क्रोकोडाइल’ इंजिनंही वीज परत देत. डब्ल्यूएजी-७ मात्र विजेच्या ब्रेकची (मोटरच जनित्र होऊन लावलेल्या ब्रेकची) सगळी ऊर्जा रोधकांत, म्हणजे वीज उष्णतेत बदलणाऱ्या पट्ट्यांत, तापवून हवेत सोडते, याची मला कायम हळहळ वाटत आली.

किती वीज वाचेल, हे माल कुठल्या दिशेला जातो त्यावर आहे. कोकण रेल्वेवर चढ जास्तीत जास्त दीडशेला एक, म्हणजे दीडशे मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, तिथे परतावा बेताचाच. कुळे–कॅसलरॉक सदतिसाला एक, आमच्या बोरघाटाइतकाच उभा. पण मुरगाव बंदरातला कोळसा भरून गाड्या वर कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातात आणि बऱ्याचदा रिकाम्या वॅगन खाली येतात. भरल्या वजनाची वीज चढताना खर्ची पडते, परत मिळते ती रिकाम्या वजनाची. हाच घाट माल भरून उतरायचा असता तर हिशोब अगदी वेगळा झाला असता. तरी रिकामी गाडी उतरतानाही ब्रेक ब्लॉक कमी तापतात, कमी झिजतात, आणि घाटात लोको पायलटला त्याचा फार मोठा आधार असतो.