चव हरवली, म्हणून कॉफीचे काम सोडावे का?

प्रश्न : मी एका कॉफी रोस्टरीत, म्हणजे कॉफीच्या बिया भाजण्याच्या कारखान्यात, काम करते. प्रत्येक बॅचचे कपिंग करून, म्हणजे कपात कॉफी करून तिचा वास आणि चव तपासून, गुण देणे ही माझी मुख्य जबाबदारी आहे. विषाणूजन्य आजारात माझा वास आणि चव दोन्ही गेले. आता थोडे परतले आहेत, पण कॉफी जळक्या रबरासारखी लागते. सहकाऱ्यांचे गुण पाहून मी माझे आकडे भरते. मी हे क्षेत्र सोडावे का?

उत्तर : एवढ्यात सोडू नका, मात्र दुसऱ्यांचे पाहून आकडे भरणे आजपासून बंद करा.

आधी नेमके काय बिघडले आहे, ते समजून घ्या. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मांस, मशरूम यांत असते ती रुचकर चव) एवढेच कळते. आपण जिला कॉफीची चव म्हणतो, ती बहुतांशी घोट घेताना घशामागून नाकात चढणाऱ्या वासातून येते. नाक चिमटीत धरून साखरेचे, मिठाचे आणि सायट्रिक आम्लाचे पाणी चाखून पाहा. ते वेगवेगळे ओळखता आले, तर बिघाड बहुधा नाकाकडचा आहे आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांना तसे नेमके सांगता येईल. वास विपरीत येण्याच्या या अवस्थेला पॅरोस्मिया म्हणतात. भाजलेल्या कॉफीला तिचा खास गंध देणारे २-फ्युरानमेथेनथायोल हे संयुगच अनेक रुग्णांना असह्य होते, असे रेडिंग विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले. म्हणजे जे ओळखण्यात तुमची हयात चालली आहे, नेमके तेच तुम्हाला छळते आहे. हे किती जिव्हारी लागत असेल, याची मला कल्पना आहे.

गंध टिपणाऱ्या चेतापेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात, म्हणून आशेला जागा आहे. हमी मात्र कोणी देऊ शकत नाही. जर्मनीतील ड्रेस्डेनचे गंधसंशोधक थॉमस हमेल यांनी २००९ मध्ये मांडलेल्या गंधप्रशिक्षणात गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग यांचे वास दिवसातून दोनदा, किमान १२ आठवडे, लक्षपूर्वक घ्यायचे असतात. तज्ज्ञांना विचारून ते सुरू करा. घरात आणि रोस्टरीत धूरसूचक यंत्र चालू आहे ना, हेही पाहून घ्या.

आता कामाविषयी. तुमच्या गुणांवर हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या, बियांची खरेदी ठरत असेल, तर पिकवणाऱ्याच्या हाती पडणारी रक्कमही त्यावरच ठरते. तेव्हा उसना आकडा हा केवळ तुमचा खासगी संकोच राहत नाही. वरिष्ठांना याच आठवड्यात सांगा, की काही महिने तुमचे गुण धरू नयेत आणि त्याऐवजी भाजणीची जबाबदारी तुमच्याकडे द्यावी. फर्स्ट क्रॅक, म्हणजे भाजताना बिया पहिल्यांदा तडकतात तो क्षण, कानाने कळतो, रंग डोळ्यांनी. बियांतला ओलावा मीटर सांगतो आणि कपातली तीव्रता रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यात कॉफी किती उतरली, ते मोजणारे उपकरण). जीभ शाबूत असेल, तर आंबटपणा, कडवटपणा आणि घोटाचा भरीवपणा यांवर तुम्ही आजही बोलू शकता. आपली मर्यादा आपणहून सांगणाऱ्या माणसावर वरिष्ठांचा विश्वास बसण्याची शक्यता अधिक असते, असे मला वाटते. पण ते नाराज झाले, तरी हे सांगायलाच हवे.

वास सुधारल्यासारखा वाटला, की लगेच गुण द्यायला बसू नका. तीन कपांपैकी दोन सारखे आणि एक वेगळा, अशी त्रिकोणी चाचणी सहकाऱ्याकडून मांडून घ्या. निव्वळ अंदाजानेही तीनांत एकदा उत्तर बरोबर येते, म्हणून ती वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा करा आणि प्रत्येक निकाल वहीत लिहून ठेवा. गुणपत्रिका पुन्हा कधी हाती घ्यायची, हे ती वही पाहून वरिष्ठांसोबत ठरवा.