रोखठोक बोला, पण एकट्याशी

तालमीतल्या जुन्या मित्राला दोन वर्षांपूर्वी चाळीस हजार हातउसने दिले. परवा पोरांसमोर चेष्टेत विषय काढला, तर तो उठून गेला. आता काय करू? (शिवाजी पेठ)

तुमच्या लेखी ती चेष्टा होती, त्याची मात्र तालमीसमोर अब्रू गेली. आधी तेवढ्याबद्दल माफी मागा. मग त्याला एकट्याला रंकाळ्यावर न्या. शेजारीशेजारी चालताना नजर भिडवावी लागत नाही, आणि अडलेलं बोलणं सुटतं. "पैसे कधी देतोस?" म्हणण्यापेक्षा "महिन्याला किती जमंल?" असं विचारा. ठरेल ते कागदावर घ्या, तारीख टाकून त्याची सही घ्या. मैत्रीत कागद कशाला, असं वाटू देऊ नका. उसन्या पैशासाठी कोर्टात जायची मुदत साधारण 3 वर्षांची असते. ती संपण्याआधी त्यानं लेखी कबुली दिली, तर मुदत नव्यानं सुरू होते.

लग्नाला पाच वर्षं झाली. हळदीकुंकवाला गेले की ओळखीच्या बायका "गोड बातमी कधी?" विचारतात. आता जाणंच नको वाटतं. (राजारामपुरी)

"काकू, त्यावर मला बोलायचं नाही," एवढंच म्हणा आणि वाण घ्यायला पुढं व्हा. कारण सांगू नका. कारण सांगितलं की पाठोपाठ डॉक्टरचं नाव येतं, मग नवस येतो. मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचं कारणही असतं, तरी प्रश्न बाईलाच विचारला जातो. याचा मला फार राग येतो.

कॉलेजच्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आरक्षणावरून जुंपली. एका जवळच्या मित्रानं ग्रुप सोडला. (कसबा बावडा)

ग्रुपवर आता काही लिहू नका, त्याला फोन करा. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासलेल्या वर्गांसाठी ठेवल्या. त्या गावात हा विषय टाळा असं मी कधीच सांगणार नाही. फक्त त्याचं मत खोडायच्या आधी त्याच्या घरानं काय सोसलंय ते ऐका.

मित्राचं फौंड्रीतलं काम गेलं. कट्ट्यावर येत नाही. परवा म्हणाला, "मी नसलो तर घरचे सुटतील." थेट विचारलं तर भलतंच डोक्यात जाईल, अशी भीती वाटते. (गोकुळ शिरगाव)

ही भीती बहुतेकांना असते, आणि ती चुकीची आहे. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी ओळखलं, म्हणून माणूस मोकळा होतो. आडवळण नको. "जीव द्यायचा विचार येतोय का?" असंच विचारा आणि गप्प राहा. उत्तराला वेळ लागला तरी मध्ये बोलू नका. "पोराबाळांकडं बघ", "मर्दासारखा राहा" हे तर अजिबात नको. त्याला आधीच अपराधी वाटतंय.

तो हो म्हणाला, तर कसं आणि कधी ठरवलंय तेही विचारा. घरात पिकावर फवारायचं औषध असेल तर ते बाहेर काढा. त्याला एकट्याला सोडू नका. 14416 या टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास मोफत समुपदेशक भेटतात, मराठीतही बोलतात. फोन तुम्हीच लावून त्याच्या हातात द्या. धोका दिसला तर थेट सीपीआर हा सरकारी दवाखाना गाठा. "कुणाला सांगू नको" म्हणाला तरी तसा शब्द देऊ नका. तो रागावेल. रागावू दे.

पत्र लिहून चार दिवस झालेत. आज संध्याकाळी त्याच्या घरी जा.